लेक अडीच वर्षांची, नवरा ऐरोलीत, मी बीकेसीत: भाड्याने घर कुठे बघू?

सातारी_मिरची

नमस्कार मंडळी. मे अखेरीस पुण्याहून मुंबईकडे येतोय. माझी बदली बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, झाली आहे. रोज जावं लागणार, वेळ साडेनऊ ते सहा, आणि सहा म्हणजे कागदावरचे सहा. नवऱ्याचं ऑफिस ऐरोली स्टेशनला लागून. आठवड्यातून तीन दिवस जायचं, बाकी घरून. लेक नोव्हेंबरात तीन पूर्ण करेल, म्हणजे या जूनला नर्सरी. सासूसासरे साताऱ्याला. अधूनमधून येतील, पण त्यांनी इथे येऊन राहावं अशी अपेक्षा आम्ही ठेवलेली नाही.

भाडं ३० हजारांपर्यंत, अगदी ताणलं तर ३२. टू बीएचके लागेल, कारण घरून काम करताना दार लावून बसायला एक खोली हवी. आत्तापर्यंत ज्याला विचारलं त्याने स्वतः राहतो तेच गाव सांगितलं! त्यातून डोंबिवली, खारघर, बदलापूर, उलवे अशी यादी झाली आहे. मला दीड तासाचा प्रवास चालेल. कसं ठरवू?

फडके_रोडवाला

ताई, टोमणा पोचला, तरी मी माझंच गाव सांगणार. डोंबिवली पूर्व. जिना उतरलं की भाजी, दवाखाना, पोळीभाजी केंद्र, बालवाडी, वाचनालय, सगळं पायी. पाळणाघरं तर अशी आहेत की आधी सासू चालवायची, आता सून चालवते आणि तिथे वाढलेली मुलं आता स्वतःची मुलं आणून सोडतात. स्टेशनच्या आसपास जुन्या इमारतीत टू बीएचके २२ ते २५ हजारांत मिळेल. कुर्ल्याला फास्टने पाऊण तास. डोंबिवलीहून सुटणाऱ्या लोकलही आहेत. मिस्टर ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बरने, म्हणजे ठाणे-नवी मुंबई लाइनने, ऐरोलीला. उरलेल्या पैशात मुलीला गाणं शिकवा.

खिडकीची_सीट

काका, डोंबिवली लोकलमध्ये बसायला मिळतं, पण आधी कोपर-दिव्याहून उलट दिशेने बसून आलेल्या बायकांतून काही उरलं तर.

सातारी, मी डोंबिवलीचीच, बरीच वर्षं कुर्ल्याला उतरते आहे, म्हणून गावाची बदनामी न करता सांगते. सकाळी चढणं जमतं, ते अंगवळणी पडतं. उतरणं हा वेगळा विषय. फास्टला मुलुंड गेलं की 'कुर्ला? कुर्ला उतरणार?' असं विचारत दाराकडे सरकायचं. घाटकोपरला चढणाऱ्यांच्या लोंढ्यात जागा गेली तर थेट दादर. आणि संध्याकाळी कुर्ल्याहून डाऊन फास्टमध्ये शिरणं? सीएसएमटी आणि दादरलाच ती भरून येते. म्हणून आम्ही अर्ध्या जणी आधी उलट दादरला जातो आणि तिथून सुटणारी गाडी पकडतो. गुगल ती वीस मिनिटं दाखवत नाही. जून २०२५ मध्ये मुंब्र्याच्या वळणावर दारातली माणसं पडली, त्यानंतर घरचे रोज 'दारात उभी राहू नकोस' म्हणतात. दारात हौसेने कोण उभं राहतं?

गाव मात्र छान आहे. तिथे काकांशी शंभर टक्के सहमत.

वांगणीची_वाट

बदलापूरबद्दल कुणीतरी बोलायला हवं म्हणून मी. भाडं निम्मं, हवा चांगली, पावसाळ्यात बारवीकडे फिरायला जा. पण सीएसएमटीपासून ६८ किमी आहे. कल्याणच्या पुढे गाड्या कमी होतात आणि एक चुकली की पुढची येईपर्यंत फलाटावर दुप्पट माणसं. उल्हास नदीकाठच्या भागात घर घेणार असाल तर तळमजला नको. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती ती इथेच, बदलापूर-वांगणीच्या मधे. आम्ही आलो कारण स्वतःचं घर इथेच परवडलं. भाड्यानेच राहायचं आणि ऑफिस बीकेसीला, तर एवढ्या लांब कशाला येता?

सातारी_मिरची

बाप रे. बदलापूर खोडलं. @खिडकीची_सीट, दादरला उलटं जायचं हे कुणीच सांगितलं नव्हतं, थँक्यू.

खारघर३५

खारघरचा मोठा फायदा असा की दोन्ही ऑफिसांना गाडी न बदलता जाता येतं. तुम्ही हार्बर लाइनने थेट कुर्ल्याला, मिस्टर पनवेल-ठाणे गाडीने थेट ऐरोलीला. हार्बर सगळीकडे थांबत थांबत जाते, फास्ट नाही, पण सकाळी माणसासारखं उभं राहता येतं. रस्ते रुंद, फुटपाथ आहेत, सेंट्रल पार्क आहे, शाळा भरपूर. बजेटात टू बीएचके मिळेल.

आता तोटे. 'खारघर' या एका नावाखाली खूप काही येतं. माझं सेक्टर ३५, इथून स्टेशन चालत अशक्य. नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर-पेंधर मेट्रो आहे, मी पेठपाड्याहून बेलापूरला जातो आणि तिथून लोकल. ते सोयीचं आहे, पण वेळ धरा. उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत टँकर येतो. आणि हिवाळ्यात रात्री तळोज्याच्या बाजूने कधीकधी केमिकलचा वास येतो. लेकीला दम्याचा वगैरे त्रास असेल तर रात्री दहानंतर येऊन जा आणि खिडकी उघडून बघा. दलाल दुपारी बाराला घर दाखवतो, तेव्हा कसला वास येणार!

उलवेकर_नवा

उलवे: नवीन इमारत, लिफ्ट, पार्किंग, टू बीएचके तुमच्या बजेटच्या खूप आत. जानेवारी २०२४ पासून रेल्वे उरणपर्यंत गेली, पण गाड्या अजून विरळ, वेळापत्रक पाठ असावं लागतं. अटल सेतू दारात आहे म्हणून लोक भुलतात. तो २१.८ किमीचा पूल तुम्हाला शिवडीला सोडतो, कारला एका वेळेचे २५० रुपये. रोजच्या नोकरीला काय कामाचा? शिवाय डिसेंबर २०२५ मध्ये विमानतळ सुरू झाल्यापासून घरमालकांच्या स्वप्नात विमानं उडायला लागली आहेत. अकरा महिन्यांनी भाडं किती वाढवणार ते आधी लिहून घ्या.

मी खूश आहे. पण मी एकटा आहे आणि माझं ऑफिस बेलापूरला.

निशिगंधा

सगळे सकाळच्या गाडीबद्दल बोलताय. लहान मूल असलेल्या घराचा प्रश्न संध्याकाळचा असतो.

सातारी, हिशोब मांड. तुझे सहा म्हणजे साडेसहा. बीकेसीतून कुर्ला स्टेशन गाठायला शेअर रिक्षा किंवा बस, तो रस्ता संध्याकाळी कसा असतो ते तिथे जाणाऱ्यालाच माहीत. फलाटावर येईपर्यंत सात. मग डोंबिवली असो नाहीतर खारघर, आठच्या आत तू घरी नाहीस. घरगुती पाळणाघरं साधारण सात-साडेसातपर्यंत, पुढे बाईंच्या घरचा स्वयंपाक सुरू होतो आणि त्यांचा चेहरा बदलतो. म्हणजे लेकीला आणणारा माणूस तुझा नवरा आहे, रोजच्या रोज. मग तुझा प्रवास सव्वा तास की दीड, याने फारसं काही बिघडत नाही. ऐरोलीहून सहाला निघालेला माणूस पाळणाघराच्या दारात किती वाजता पोचतो, त्यावर गाव ठरव.

दुसरं, पाऊस. कुर्ला-सायन, चुनाभट्टी, या भागात रुळांवर पाणी आलं की मेन आणि हार्बर दोन्ही कोलमडतात. वर्षातून एकदोनदा होतंच. तू त्या दिवशी बीकेसीत अडकणार हे धरूनच चाल, मैत्रिणीकडे राहायची सोय करून ठेव. पण मूल आणि निदान एक पालक खाडीच्या एकाच बाजूला असले पाहिजेत. ऐरोली नवी मुंबईत आहे, म्हणजे घरही नवी मुंबईत. डोंबिवलीत राहिलात तर दोघंही ठाणे स्टेशनवर अवलंबून. ठाणे बंद, की दोघंही बाहेर आणि मूल पाळणाघरात.

फडके_रोडवाला

शिळफाट्याने रस्ता आहे की. महापेहून बस आहेत.

निशिगंधा

काका, शिळफाटा? पावसात? आठवड्यातून किती वेळा जाता?

फडके_रोडवाला

बरं, शिळफाटा सोडा. पण मी दुसरं सांगतो. २६ जुलै २००५ ला आमच्या सोसायटीतली निम्मी माणसं रात्री घरी आली नव्हती. दुसऱ्या दिवशी रुळांवरून चालत आली. मुलं होती शेजाऱ्यांकडे, जेवून झोपलेली. एकाही आईबापाला आपलं मूल कुठे असेल अशी चिंता नव्हती. खाडी कुठल्या बाजूला हे नकाशात बघता येतं, शेजार नाही बघता येत. नव्या टॉवरमध्ये तीन वर्षं राहून समोरच्या दारावरचं आडनाव माहीत नसतं.

खिडकीची_सीट

हे मात्र काका खरं बोलले.

निशिगंधा

मान्य. पण तो शेजार वीस-पंचवीस वर्षांचा होता. ही येणार मे अखेरीस, आणि पाऊस येणार जूनमध्ये.

ओसी_आहे_का

चर्चा रंगलीय तोवर कागदांचं सांगून टाकतो, कारण घर आवडलं की लोक कागद विसरतात.

महाराष्ट्रात भाडेकराराची, म्हणजे लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी सक्तीची आहे, अकरा महिन्यांचा असला तरी. 'अकरा महिने म्हणजे नोटरी चालते' हा दलालांचा आवडता गैरसमज. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ वाचा: नोंदणीची जबाबदारी घरमालकाची, आणि करार नोंदलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर दरसाल दहा टक्के व्याज धरून तेही मोजतात. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. घरी बसून ऑनलाइन होतं, अंगठे घ्यायला माणूस येतो. शाळेच्या प्रवेशाला आणि गॅसच्या पत्त्याला हाच कागद लागतो, म्हणून जूनच्या आत हातात हवा.

मुदत २२ किंवा ३३ महिन्यांची मागा आणि दरवर्षीची वाढ टक्क्यांत लिहून घ्या. नर्सरीत घातलेल्या मुलीला घेऊन अकराव्या महिन्यात घर शोधत फिरणं फार वाईट. सोसायटी 'भाडेकरू आहेत' म्हणून जे जास्तीचे पैसे घेते ते मालकाकडून घेते, आणि तेही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच. ते तुमच्या गळ्यात पडत नाहीत ना, एवढं बघा.

वांगणीची_वाट

+१. आणि पोलिसांकडे भाडेकरूची माहिती दिली जाते, ती दिली का हेही मालकाला विचारा.

पामबीच_नको

पूर्ण धागा वाचला. मला आश्चर्य वाटतंय की यादीत नेरूळ-जुईनगर नाही. निशिगंधाताईंचा मुद्दा धरला तर उत्तर तिथेच जातं.

ट्रान्स-हार्बरचे दोन फाटे आहेत. ठाण्याहून ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे करत तुर्भ्यापर्यंत एकच, पुढे एक सानपाडा-वाशीकडे जातो आणि एक जुईनगर-नेरूळकडे. नेरूळला हार्बरही आहे. म्हणजे खारघरसारखंच, दोघांनाही गाडी बदलायची नाही, पण दोघांचाही प्रवास खारघरपेक्षा कमी. ऐरोलीहून नेरूळ साधारण अर्धा तास. पाणी महापालिकेच्या स्वतःच्या मोरबे धरणाचं, त्यामुळे टँकरचा प्रश्न इकडे क्वचित.

पामबीच रस्त्याकडचे टॉवर तुमच्या बजेटात नाहीत, तिकडे बघूच नका. सिडकोने बांधलेल्या जुन्या तीन-चार मजली इमारती बघा. लिफ्ट नाही, खोल्या लहान, बाथरूमचं दार उघडलं की वॉशिंग मशीनला लागतं. पण खाली मोकळी जागा, झाडं, आणि काका म्हणतात तसा जुना शेजारही. त्या इमारतींत मूळच्या भाजीवाल्यापासून बालवाडीच्या बाईंपर्यंत सगळे एकमेकांना ओळखतात. अशा ठिकाणी दोन छोटी घरं जोडून केलेला टू बीएचकेही कधीकधी मिळतो.

एक धोका सांगतो. या जुन्या सोसायट्यांत सध्या पुनर्विकासाचं वारं आहे. मालकाला विचारून उपयोग नाही, तो 'अजून पाच वर्षं काही होत नाही' म्हणेल. सोसायटीच्या ऑफिसात किंवा खालच्या किराणावाल्याला विचारा: बिल्डर ठरला का, सह्या झाल्या का? सह्या झाल्या असतील तर ते घर सोडा.

आणि साताऱ्याचे आजी-आजोबा! मुंबईकडे येणारी एसटी सायन-पनवेल हायवेने येते, हायवेवरच्या नेरूळ एलपी स्टॉपला उतरलं की रिक्षाने घर. डोंबिवलीला बॅगा घेऊन त्यांनी ठाण्याला गाडी बदलायची, किंवा पनवेलला उतरून रिक्षावाल्याशी घासाघीस करायची. वयस्कर माणसांना ते झेपत नाही आणि मग येणं कमी होतं.

खारघर३५

माझ्या गावाचा टीआरपी गेला. पण पटलं.

उलवेकर_नवा

कोपरखैरणे, घणसोली का नाही? नवऱ्याला तर दहा-पंधरा मिनिटं.

पामबीच_नको

चालेल की. पण ताईंना वाशी किंवा ठाण्याला बदलावं लागेल. बीकेसीसाठी एनएमएमटीच्या (नवी मुंबई महापालिकेच्या) एसी बस आहेत, ज्यांना जमतं ते त्यांनीच जातात. खाडीपुलावर अडकलं तर निदान बसून अडकता. मला विचाराल तर रोज जाणाऱ्याला गाडी बदलायला लावू नये.

निशिगंधा

घर बघायला याल तेव्हा पाळणाघर आधी बघ, घर नंतर. दुपारी अकराला जाऊ नकोस, तेव्हा सगळीच गोड असतात. संध्याकाळी पावणेसातला जा. किती मुलं उरलीत आणि त्या वेळी त्यांना कोण बघतंय? बऱ्याच ठिकाणी मुख्य बाई सहाला आत जातात आणि मुलं टीव्हीसमोर बसलेली असतात. तू अनोळखी आहेस, तरी दार उघडून सरळ आत घेतात का, तेही बघ. मी एका ठिकाणी गेले, बाईंनी जाळीच्या दारामागूनच विचारलं, 'कुणाचे तुम्ही?' तिथेच मुलाला घातलं. खिडक्यांना ग्रिल, झोपायच्या खोलीत उजेड किती, दुपारचं जेवण आपलं की त्यांचं, ताप आला तर कुणाला फोन करतात... आणि साडेसातनंतरचा दर काय. दर असलेला बरा. दर नसेल तिथे बोलणी खावी लागतात.

खिडकीची_सीट

घराबद्दल माझं एक: स्वयंपाकघराच्या माळ्यावर बघा. निळे ड्रम दिसले की पाण्याचं काय ते समजा. आणि मे महिन्यात ताजा रंग दिलेली एकच भिंत असेल तर त्या भिंतीवर हात ठेवून बघा, किंवा तिथलं कपाट सरकवायला सांगा. रंगाखालची ओल जूनमध्ये बाहेर येते.

सातारी_मिरची

मंडळी, शनिवारी येऊन गेलो, आणि मुद्दाम सोमवारपर्यंत राहिलो, गाड्या बघायच्या होत्या म्हणून.

खारघरमध्ये घर सुंदर होतं, बाल्कनीतून डोंगर. नवऱ्याला तेच हवं होतं. वॉचमनला टँकरचं विचारलं तर तो हसला आणि गेटवरचं रजिस्टरच पुढे केलं. एका पानावर गाड्यांपेक्षा टँकरच्या नोंदी जास्त. शिवाय तिथून स्टेशनला जायला रिक्षाची रांग.

नेरूळ पूर्वेला जुन्या इमारतीत तिसरा मजला मिळतोय, दोन घरं जोडलेलं, ३१ हजार. लिफ्ट नाही. लेकीला कडेवर घेऊन चढून पाहिलं, पिशव्यांसकट जमेल असं नाही, पण जमवू. दुसऱ्या मजल्यावर पाळणाघर आहे! पावणेसातला गेलो. चार मुलं उरली होती, दोघं पोळीचा लाडू खात होती, आणि आजीबाईंनी आधी आमच्याकडे न बघता एका मुलाचं नाक पुसलं. मग चौकशी. साडेआठपर्यंत ठेवतात, साडेसातनंतर तासाचे वेगळे पैसे, भिंतीवर लिहून लावलंय. निशिगंधाताई, तुम्ही भेटलात तर पाया पडेन.

सोमवारी सकाळी मी आठच्या सुमाराची हार्बर पकडून कुर्ल्याला जाऊन आले. चेंबूरपर्यंत नीट उभी होते, पुढे दाबली गेले, पण उतरता आलं. कुर्ला ते बीकेसी मात्र रिक्षात बसून चालणाऱ्या माणसांना आपल्या पुढे जाताना पाहिलं. ऐरोलीहून परतीची गाडी नवऱ्याने सहाची करून पाहिली, सातच्या आत पाळणाघराच्या दारात.

किराणावाल्याला पुनर्विकासाचं विचारलं. म्हणाला, 'मीटिंगा होतात, भांडणं होतात, पुढे काही होत नाही.' हे चांगलं की वाईट?

पामबीच_नको

उत्तम. भांडणं चालू आहेत म्हणजे दोनतीन वर्षं निश्चिंत.

फडके_रोडवाला

नेरूळ तर नेरूळ. पण गाण्याच्या क्लासचं विसरू नका. आणि एका रविवारी मुलीला घेऊन गणेश मंदिरात या, मेगाब्लॉक नसेल तेव्हा.

सातारी_मिरची

नक्की काका. दलाल आजच टोकन मागतोय, १० हजार, आणि म्हणतो की उद्या दुसरी पार्टी येणार आहे. देऊ?

ओसी_आहे_का

दुसरी पार्टी नेहमीच उद्या येणार असते. टोकन दलालाला देऊ नका, घरमालकाच्या खात्यात भरा. त्याआधी इंडेक्स टू (घराच्या नोंदणीचा उतारा) किंवा सोसायटीचं मेंटेनन्सचं बिल मागून मालकाचं नाव जुळवा. दोन घरं जोडलेली आहेत, म्हणजे दोन बिलं असतील. दोन्हींवर एकच नाव आहे का बघा. वेगळी असतील तर करारात दोघांच्याही सह्या हव्यात. व्हॉट्सअॅपवर त्याच्याकडून तीन ओळी लिहून घ्या: भाडं किती, डिपॉझिट किती, करार झाला नाही तर टोकन किती दिवसांत परत. मग भरा.

सातारी_मिरची

बिलं दोन आहेत. एक सासऱ्यांच्या नावावर, एक जावयाच्या. जावई दुबईला.

ओसी_आहे_का

मग जावयाचं मुखत्यारपत्र सासऱ्यांकडे आहे का, ते विचारा. असेल तर प्रत मागवा आणि इथे कळवा. नसेल तर टोकन थांबवा.